विहीर आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कसे तपासून घ्यावेत: मुंबईतल्या घरांसाठी आणि सोसायट्यांसाठी

सोसायटीची जुनी विहीर साफ केली, आवारात नवी बोअर मारली किंवा गोराई-मनोरीकडे विहिरीसकट घर घेतलं, की पहिला प्रश्न असतो तो हे पाणी वापरता येईल का, हा. त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी टीडीएस मीटर बुडवून मिळतं, नाहीतर फिल्टर विकायला आलेला माणूस देतो. दोन्ही उत्तरांवर विसंबू नका. टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार आहेत याचा अंदाज सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही. लिटरमागे दीड मिलीग्रॅमच्या वर गेलेलं फ्लोराइड किंवा शतांश मिलीग्रॅमवरचं आर्सेनिक त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

पाणी प्रयोगशाळेतच तपासायचं. पण तिथले लोक हातात आलेली बाटली तपासतात, तुमची विहीर नाही. बाटली चुकीच्या नळावर, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पद्धतीने भरली असेल, तर पुढे कितीही चांगलं यंत्र असलं तरी अहवाल निरुपयोगी ठरतो. म्हणून या लेखात नमुना घेण्यावर जास्त भर आहे.

१. पाणी कशासाठी वापरणार, ते आधी ठरवा

मुंबईत विहिरीचं आणि बोअरचं पाणी बहुतेक सोसायट्यांत फ्लशिंग, गाड्या धुणं, बागकाम यासाठीच वापरतात. पिण्याला तलावांचं पालिकेचं पाणी असतं. फ्लशिंगसाठी क्लोराइड, जडपणा, लोह आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी) एवढं कळलं तरी पुरतं. पाइप किती लवकर गंजतील, फ्लश टाकीचे वॉल्व किती दिवसांत चोंदतील हे त्यावरून समजतं. अंघोळ, कपडे, भांडी यांनाही ते पाणी वापरायचं असेल तर यादी वाढते. उन्हाळ्यात पाणीकपात झाली की कोणी ना कोणी ते स्वयंपाकाला वापरणारच, अशी शक्यता असेल तर पिण्याच्या पाण्याचीच पूर्ण तपासणी करून घ्या.

इथे एक फसगत नेहमी होते. पुनर्विकास झालेल्या इमारतीत बिल्डरकडून आलेल्या फायलीत 'पाणी तपासणी अहवाल' सापडतो आणि कमिटी निर्धास्त होते. तो अहवाल बऱ्याचदा बांधकामाच्या पाण्याचा असतो. त्यातल्या मर्यादा आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातल्या असतात. तिथे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटला ५०० मिलीग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं आणि फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांचा तर उल्लेखच नसतो. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर कोणतं मानक लिहिलं आहे, ते आधी बघा.

२. मुंबईच्या जमिनीत काय शोधायचं

मुंबईचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. बेसॉल्टमधून पाण्यात उतरतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे जडपणा. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ती सगळी या दोघांची करणी. बेसॉल्टमध्ये फ्लोराइड आणि आर्सेनिक सहसा कमी असतं. राज्यात फ्लोराइडचा त्रास मोठा आहे तो चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे. तरी मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात बेसॉल्टऐवजी रायोलाइट आणि ट्रकाइट हे वेगळ्या जातीचे खडक आहेत. तिथल्या विहिरीचं फ्लोराइड आणि युरेनियम एकदा तरी तपासाच.

खाडीकाठच्या आणि भराव घातलेल्या जमिनीत गोष्ट निराळी. ठाण्याची खाडी, मालाडची खाडी, माहीमच्या आसपास खाली चिकट काळा गाळ आहे. त्यात हवा पोचत नाही, त्यामुळे लोह आणि मँगनीज विरघळलेल्या रूपात पाण्यात राहतात. असं पाणी बोअरमधून आलं की अगदी नितळ दिसतं. ते काचेच्या ग्लासात काढून खिडकीत ठेवा. तासाभरात पिवळट झाक येते, मग ते गढुळतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी गंजाची बारीक भुकटी बसलेली असते, वर पाणी पुन्हा स्वच्छ. विरघळलेल्या लोहाला हवा लागली की ते असं बाहेर पडतं. ग्लासातला हा प्रकार लक्षात ठेवा, नमुना भरताना तोच अडचणीचा ठरतो.

तिसरी बाब समुद्राची. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९,००० मिलीग्रॅम क्लोराइड असतं. विहिरीत त्यातलं नुसतं दोन टक्के मिसळलं तरी क्लोराइड ३८० ने वाढतं आणि पाणी मचूळ लागायला लागतं. किनाऱ्यालगत जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. पातळी अर्धा मीटर उतरली की हिशोबाने खालचं वीस मीटर गेलं. चर्चगेटची भिका बेहराम विहीर १७२५ पासून समुद्राच्या इतक्या जवळ असूनही गोडं पाणी देते. अशा विहिरी टिकतात त्या बेताच्या उपशामुळे. दिवसभर पंप चालवून टँकर भरणारी शेजारची बोअर तुमच्याही विहिरीचं पाणी खारं करू शकते.

नायट्रेट खडकातून येत नाही. ते येतं सांडपाण्यातून, जुन्या सेप्टिक टाकीतून, फुटलेल्या ड्रेनेजमधून. तरीही ते यादीत हवंच, कारण मुंबईत विहीर आणि गटार यांच्यात क्वचितच पुरेसं अंतर असतं.

पूर्ण तपासणीसाठी प्रयोगशाळेला द्यायची यादी: पीएच, विद्युतवाहकता, टीडीएस, गढूळपणा, एकूण जडपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता), क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, अमोनिया, फ्लोराइड, लोह, मँगनीज, आर्सेनिक, शिसं, युरेनियम. सोबत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे सांडपाण्याची खूण देणारे जंतू. जंतू खनिजांत मोडत नाहीत, पण त्यांच्याविना नायट्रेटचा अर्थ नीट लागत नाही. सोडियम आणि पोटॅशियम पैसे वाचवायला गाळू नका. अहवाल खरा आहे की नाही हे पडताळायला ते लागतात.

३. प्रयोगशाळा निवडणं

एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेलीच प्रयोगशाळा घ्या. मात्र मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट नसते, एकेका चाचणीला असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचं नाव घातलं की तिच्या मान्यताप्राप्त चाचण्यांची यादी निघते. तीत 'पाणी' या गटाखाली तुमचे घटक आहेत का, ते एकेक करून ताडून बघा. युरेनियम सगळीकडे होत नाही, त्यासाठी खास यंत्र लागतं.

फोनवर तीन गोष्टी विचारा.

आर्सेनिक कमीत कमी किती मोजता येतं? मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलीग्रॅम आहे. प्रयोगशाळेची पद्धत ०.०५ च्या खालचं मोजूच शकत नसेल, तर 'आढळलं नाही' या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही. हाच प्रश्न शिसं आणि युरेनियमबद्दलही विचारा.

बाटल्या तुम्ही देता का? चांगली प्रयोगशाळा देते. 'बिसलेरीची बाटली धुऊन आणा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

नमुना घ्यायला माणूस पाठवता का? पाठवत असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी बोलवा, पण पुढच्या पायऱ्या तुम्हालाही माहीत हव्यात. घाईत असलेला माणूस गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली बाटली धरून दोन मिनिटांत मोकळा होतो.

दरपत्रक घटकनिहाय मागा. 'पोटेबल वॉटर पॅकेज' म्हणून जे मिळतं त्यात अनेकदा जड धातू नसतात.

४. जवळ काय ठेवायचं

कागद: सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव आणि लेटरहेडवर प्रयोगशाळेच्या नावे पत्र, बोअरची खोली, केसिंग (बोअरच्या आत बसवलेला पाइप) किती फुटांपर्यंत आहे आणि पाणी किती फुटांवर लागलं ही माहिती (बोअर मारणाऱ्याच्या बिलावर बहुधा असते), पंप किती हॉर्सपॉवरचा, जुने अहवाल असतील तर ते.

साहित्य: एक लिटरची प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली, नेहमीच्या क्षारांसाठी. अर्धा लिटरची, आत नायट्रिक अ‍ॅसिड घातलेली बाटली, धातूंसाठी. निर्जंतुक केलेली बाटली, जंतूंसाठी. फ्लोराइडचा नमुना काचेत कधीच भरू नका. याशिवाय हातमोजे, न पुसणारा मार्कर, झाकण घट्ट बसणारी बर्फाची पेटी, वीस लिटरची बादली, घड्याळ आणि एक टीडीएस मीटर. मीटर इथे निकालासाठी नसून पाणी स्थिर झालं का ते बघायला हवा.

५. आधी उपसा

बोअरच्या पाइपात उभं राहिलेलं पाणी जमिनीतल्या पाण्यासारखं नसतं. त्याला हवा लागलेली असते, केसिंगचा गंज उतरलेला असतो. ते काढून टाकून मगच नमुना घ्यायचा. नियम असा, की बोअरमध्ये उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट उपसा करायचा.

हिशोब सोपा आहे. सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी असतं. बोअर २०० फूट खोल आणि पाणी ५० फुटांवर असेल, तर उभं पाणी १५० फूट, म्हणजे सव्वाआठशे लिटर. तिप्पट म्हणजे जवळजवळ २,५०० लिटर. आता पंप चालू करून वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघा. वीस सेकंद लागले तर मिनिटाला ६० लिटर, म्हणजे पंप चाळीस-बेचाळीस मिनिटं चालवावा लागेल. हे पाणी गटारात सोडू नका, फ्लशिंगच्या टाकीत घ्या.

अर्ध्या तासानंतर दर पाच मिनिटांनी बादलीतल्या पाण्यात मीटर बुडवा. लागोपाठ तीन आकडे एकमेकांच्या पाच टक्क्यांच्या आत आले की पाणी स्थिर झालं. आकडा सतत चढतच राहिला, तर किनाऱ्यालगत तो खाऱ्या पाण्याचा इशारा असू शकतो. ते आकडे वेळेसकट लिहून ठेवा.

काही बोअर तिप्पट उपसा होण्याआधीच आटतात आणि पंप कोरडा फिरायला लागतो. तेव्हा पंप लगेच बंद करा, पाणी पुन्हा चढू द्या आणि त्या ताज्या पाण्याचा नमुना घ्या.

उघडी विहीर किंवा रिंगवेल रोजच्या वापरात असेल तर दहा-पंधरा मिनिटांचा उपसा पुरतो. कित्येक महिने पडून असलेली विहीर आधी उपसून घ्यावी लागते. गाळ काढल्यावर, नवी बोअर मारल्यावर किंवा ब्लिचिंग पावडर टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नका. काही दिवस नेहमीसारखा वापर होऊ द्या.

आणि विहिरीत उतरू नका. झाकलेल्या जुन्या विहिरीत विषारी वायू साठलेला असतो किंवा प्राणवायूच नसतो, आणि उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. पाण्याच्या नमुन्यासाठी हा धोका पत्करायचं काहीही कारण नाही. पंप नसेल तर स्टीलचा स्वच्छ डबा नव्या दोरीला बांधून वरूनच सोडा. पृष्ठभागाखाली फूटभर बुडवून भरा, तळाला टेकवू नका. डासांसाठी घातलेलं झाकण किंवा जाळी काम झालं की परत बसवा. मलेरियाचा डास अशाच विहिरींत वाढतो आणि पालिकेचा कीटकनाशक विभाग त्यासाठी नोटीसही काढतो.

६. नमुना भरणं

नळ कोणता, ते सर्वांत महत्त्वाचं. पंपातून वर येणाऱ्या पाइपावर, टाकीच्या आधी, सॉफ्टनर किंवा फिल्टरच्या आधी असलेला नळ घ्या. तसा नळ नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या, काम तासाभराचं आहे आणि दर वर्षी उपयोगी पडतं. सोसायटीच्या तळटाकीत किंवा गच्चीवरच्या टाकीत विहिरीचं आणि पालिकेचं पाणी मिसळलेलं असू शकतं. तलावाच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, त्यामुळे अशा मिश्रणाचा अहवाल छान येतो आणि विहिरीबद्दल काहीच सांगत नाही.

नळाच्या तोंडाची जाळी काढा. रबरी नळी लावून भरू नका. धार बारीक ठेवा, म्हणजे पाण्यात हवा घुसळली जात नाही.

क्रम असा ठेवा:

आधी जंतूंची बाटली. नळाचं तोंड धातूचं असेल तर लायटरने तापवून घ्या, प्लॅस्टिकचं असेल तर स्पिरिटने पुसा, आणि मिनिटभर पाणी वाहू द्या. बाटली विसळायची नाही. झाकण हातातच धरा, त्याच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. वर बोटभर जागा मोकळी सोडा.

मग क्षारांची एक लिटरची बाटली. ही त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. हवा राहिली की पीएच आणि अल्कलिनिटी बदलतात.

शेवटी धातूंची अ‍ॅसिडची बाटली. ही विसळायची नाही आणि उतू जाऊ द्यायची नाही; अ‍ॅसिड वाहून गेलं तर नमुना वाया. हातमोजे घाला, चेहरा बाजूला ठेवा, खुणेपर्यंत भरून झाकण लावा आणि दोन-तीनदा उलटसुलट करा. ग्लासातलं लोह जसं तळाशी बसलं, तसंच ते साध्या बाटलीच्या भिंतींना धरून बसतं आणि अहवालात कमी दिसतं. अ‍ॅसिड ते विरघळलेलं ठेवतं. लोहाचा आकडा तक्रारीच्या मानाने फारच कमी आला, तर पहिला संशय इथेच घ्यावा: बाटलीत अ‍ॅसिड नव्हतं.

लेबल बाटली भरण्याआधीच लावा, ओल्या बाटलीवर ते चिकटत नाही. त्यावर विहिरीची जागा, तारीख, वेळ, किती मिनिटं उपसा केला आणि मीटरचा शेवटचा आकडा लिहा. पाण्याला रंग किंवा वास असेल तर तोही. कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर तो हायड्रोजन सल्फाइडचा. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उडून जातो, म्हणून त्याची नोंद तिथेच व्हायला हवी.

७. पोचवणं

बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी सकाळी पोचवा. जंतूंचा नमुना सहा तासांच्या आत गेला तर उत्तम, २४ तासांनंतर तो बाद. नायट्रेटला थंड ठेवून ४८ तास मिळतात. शनिवारी दुपारी नमुना घेतलात तर तो सोमवारपर्यंत तसाच पडून राहील, म्हणून सोमवार ते गुरुवार यांतला दिवस निवडा. पावतीवर सगळ्या घटकांची नावं उतरली आहेत ना, ते काउंटरवरच वाचा.

८. अहवाल वाचणं

आयएस १०५०० मध्ये दोन रकाने असतात. पहिला स्वीकार्य मर्यादेचा. दुसरा, दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर चालवून घ्यायच्या मर्यादेचा. मुंबईत पालिकेचं पाणी येत असेल तर पिण्यासाठी पहिलाच रकाना धरा. विक्रेते हटकून दुसरा दाखवतात.

महत्त्वाचे आकडे, मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये, आधी पहिला रकाना आणि मग दुसरा:

टीडीएस ५०० आणि २,०००
एकूण जडपणा २०० आणि ६००
क्लोराइड २५० आणि १,०००
सल्फेट २०० आणि ४००
फ्लोराइड १.० आणि १.५
मँगनीज ०.१ आणि ०.३
नायट्रेट ४५, सवलत नाही
लोह १.०, सवलत नाही
आर्सेनिक ०.०१, शिसं ०.०१, युरेनियम ०.०३, सवलत नाही
पीएच ६.५ ते ८.५

लोहाची मर्यादा पूर्वी ०.३ होती, जुन्या अहवालांत तीच दिसेल. कपड्यांवर आणि टाइल्सवर डाग पडायला ०.३ च पुरतं, त्यामुळे १.० च्या आत आलं म्हणून डाग पडणार नाहीत असं समजू नका.

एककांत दोन ठिकाणी घोळ होतो. आर्सेनिक, युरेनियम कधी मायक्रोग्रॅममध्ये देतात. तिथे मर्यादा १० आणि ३० अशी वाचायची. नायट्रेट दोन प्रकारे लिहितात, नायट्रेट म्हणून किंवा त्यातल्या नायट्रोजनपुरतं. नायट्रेट म्हणून ४५ म्हणजेच नायट्रोजन म्हणून सुमारे १०. अहवालात 'नायट्रेट नायट्रोजन १४' असेल आणि तुम्ही ४५ शी ताडून सुटकेचा श्वास सोडलात, तर प्रत्यक्षात पाणी मर्यादेच्या बरंच पलीकडे गेलेलं असतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ही चूक फार महागात पडते: जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडतं.

आता अहवाल खरा आहे का, ते तपासायची युक्ती. पाण्यात धनभार आणि ऋणभार सारखेच असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंची बेरीज जुळायला हवी. समजा अहवालात कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ११५, पोटॅशियम ४ आहे. त्यांना अनुक्रमे २०, १२.१५, २३ आणि ३९ ने भागा: ४.०, ३.०, ५.० आणि ०.१, बेरीज १२.१. दुसरीकडे क्लोराइड २१३, अल्कलिनिटी २५०, सल्फेट ४८, नायट्रेट ६. त्यांना ३५.५, ५०, ४८ आणि ६२ ने भागा: ६.०, ५.०, १.० आणि ०.१, बेरीज पुन्हा १२.१. जुळलं. दोन बेरजांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर प्रयोगशाळेला फोन करून फेरतपासणी मागा. चांगले लोक कुरकुर न करता करून देतात. शिवाय कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज केली की जडपणा यायला हवा. इथे २०० अधिक १४८, म्हणजे ३४८. आणि बेरजेला शंभराने गुणलं की विद्युतवाहकतेच्या जवळपास आकडा मिळतो, इथे १,२०० च्या आसपास.

क्लोराइड जास्त असेल तर ते समुद्राचं की गटाराचं? समुद्राचं असेल तर सोडियम, मॅग्नेशियम आणि सल्फेटही सोबत चढतात, सल्फेट क्लोराइडच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकं. नायट्रेट मात्र कमीच राहतं. गटाराचं असेल तर नायट्रेट किंवा अमोनिया वर जातं आणि ई. कोलाय सापडतो. समुद्राचं असल्यास उपसा कमी करण्याला पर्याय नाही. गटाराचं असल्यास आधी ड्रेनेज लाइन शोधून दुरुस्त करा, फिल्टरचा विचार नंतर.

९. निकाल आल्यावर

उकळून बहुतेक क्षार जात नाहीत. पाणी वाफ होऊन कमी होतं आणि नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक उलट दाट होतात. यूव्हीचा दिवा जंतूंना मारतो, क्षारांना हात लावत नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही.

जडपणासाठी सॉफ्टनर. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. १०० मिलीग्रॅम जडपणा काढला की ४६ मिलीग्रॅम सोडियम वाढतं. घरात कोणाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या बाहेर ठेवा.

लोहासाठी पाण्याला हवा द्यायची आणि मग वाळूच्या फिल्टरमधून गाळायचं. पाणी शॉवरसारखं टाकीत पाडलं तरी पीएच सातच्या वर असल्यास लोह लवकर बाहेर पडतं. मँगनीज नुसत्या हवेने सहजी निघत नाही, क्लोरिन किंवा खास माध्यमाचा फिल्टर लागतो. लोह काढायची सोय सॉफ्टनर आणि आरओच्या आधी हवी. क्रम उलटा झाला तर सॉफ्टनरचं रेझिन आणि आरओचं मेंब्रेन गंजाने बुजतं आणि दोष मशिनवर येतो.

फ्लोराइडला अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना किंवा आरओ, नायट्रेटला आरओ. आर्सेनिकचा एक प्रकार आरओमधून बराचसा निसटतो, म्हणून आर्सेनिक सापडलं तर कोणतंही मशिन लावून मोकळं होऊ नका. ते पाणी पिण्यातून पूर्ण बंद करा. खरं तर मुंबईत या तिन्हींपैकी काहीही मर्यादेबाहेर आलं तर विहीर फक्त फ्लशिंगला ठेवणं हाच शहाणपणाचा मार्ग. पालिकेचं पाणी दाराशी असताना मशिनच्या देखभालीवर माणसांची तब्येत टांगून ठेवू नये.

विहिरीची लाइन आणि पालिकेची लाइन कुठेही एकमेकींना जोडलेली नसावी, मध्ये वॉल्व असला तरीही. वॉल्व गळतात, आणि पालिकेच्या पाण्याचा दाब गेला की विहिरीचं पाणी तिकडे ओढलं जातं. टाक्या वेगळ्या, पाइपांचे रंग वेगळे, आणि विहिरीच्या प्रत्येक नळावर 'पिण्याचे पाणी नाही' ही पाटी. भाड्याने आलेल्यांना आणि घरकामाच्या बायकांना ही पाटी दिसायला हवी, म्हणून ती मराठीत आणि हिंदीत, नळाच्या वरच लावा.

१०. पुन्हा कधी

पहिल्या वर्षी दोनदा: मेच्या शेवटी, पाणी सर्वांत खाली गेलेलं असताना, आणि पाऊस संपल्यावर नोव्हेंबरमध्ये. जुलैतला नमुना क्षारांसाठी घेऊ नका, पावसाने पाणी पातळ झालेलं असतं. जंतूंसाठी मात्र तोच काळ वाईट. दोन्ही अहवाल एकसारखे आले तर पुढे वर्षाला एकदा, मेमध्ये. किनाऱ्याजवळची विहीर असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला आणि त्याच दिवशीच्या ओहोटीला टीडीएस मीटरने आकडा घेऊन बघा. दोन्हींत ठळक फरक पडला तर पुढची प्रयोगशाळेतली तपासणी उधाणाच्या दिवशीच करा.

शेजारी नवी बोअर मारली, जवळ मेट्रोचं किंवा तळघराचं खोल खोदकाम सुरू झालं, किंवा पाण्याची चव, रंग, वास बदलला, तर वर्ष भरायची वाट बघू नका. प्रत्येक अहवालासोबत त्या दिवशीची पाण्याची पातळी किती फुटांवर होती तेही लिहून फायलीत लावा. क्लोराइड वाढत असेल तर पातळी खाली जाते आहे का, हे पहिल्यांदा तिथेच दिसेल.